शांतम्माचं गाणं आणि तापलेला डबा

तामलवाडी,
४ ऑगस्ट २०२४

प्रिय शब्बीर,

फोन केला की तू एका कानानं माझं ऐकतोस आणि दुसऱ्या कानानं गिऱ्हाइकाचं. मागच्या वेळी माझ्या प्रश्नाला तू "शाई संपली असेल" असं उत्तर दिलंस. मी प्रिंटरचं काही विचारलंच नव्हतं. म्हणून यावेळी पत्र लिहितोय. पत्राला कुणी मध्येच तोडत नाही.

विचारायचं आहे ते असं. आमच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलायचा का, आणि बदलायचा तर कधी? डबा तूच जोडून दिलेला आहे. तेव्हा आमची सृष्टी सहावीत होती, आता ती सोलापूरला कॉलेजात गेली. इतकी वर्षं त्यानं मुकाट्यानं काम केलं. दिवसभर मी द्राक्षबागेत असतो आणि मंगळवार-शुक्रवारी संध्याकाळी देवीची गाणी म्हणणारा आमचा आराधी मेळा घरी जमतो. संबळ, तुणतुणं, झांज, आवाज असं एकेक वेगळं भरून घ्यायचं आणि मग सगळं जुळवायचं, ही सगळी सेवा त्याच डब्यावर होते. तो आता मध्येच अडखळतो.

नुसतं अडखळला असता तर मी तुला त्रास दिला नसता. आमच्या सासूबाई शांतम्मा तुला ठाऊक आहेत. कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावच्या. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलतात; रागावल्या की पूर्ण कानडी. त्यांना देवीचं एक लांब गाणं येतं. त्यांच्या आईचं, तिच्याही आईचं. ओळ कानडीत निघते आणि मराठीत पोचते. ते पूर्ण म्हणणारं दुसरं माणूस आता राहिलं नाही. त्यांच्या लेकीला, म्हणजे आमच्या सत्यभामाला, निम्मंच येतं.

मागच्या महिन्यात त्या आल्या होत्या. मी त्यांना माइकपुढं बसवलं. म्हटलं छानच त्यांनी. पण लावून बघितलं तर गाणंभर टक, टक, टक. तव्यावर लाह्या फुटाव्यात तसं. त्यांनी ऐकलं आणि उठल्या.

"देवीला सोसना. ह्या डब्यात तिला जायाचं न्हाय."

मी लई विनवलं. शेवटी म्हणाल्या, "घट बसायच्या आधी आनि एक डाव म्हनीन. तवाबी टकटक आली तर आईनं न्हाय म्हटलं असं समजायचं. मग पुन्हा नाव काढायचं न्हाय."

शब्बीर, त्या ऐंशीच्या पुढं आहेत आणि शब्द फिरवणाऱ्यातल्या नाहीत. घटस्थापनेच्या आत डबा धड पाहिजे. सृष्टीनं मागं त्यात एक ट्रक चालवायचा खेळ टाकला होता, तोही म्हणे हल्ली आचके देतो. म्हणजे प्रोसेसरच म्हातारा झाला असणार. नवा कुठला घेऊ ते सांग आणि बसने पाठवून दे.

नसीमभाभींना नमस्कार.

तुझा
उत्तरेश्वर


उमरगा,
१२ ऑगस्ट २०२४

उत्तऱ्या,

तुझं पत्र दुकानात आलं आणि तुझ्या भाभीनं ते गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचलं. शाईचा मजकूर आला तेव्हा प्रिंटर घेऊन आलेला माणूस सुद्धा हसला. आता तो माझ्याकडं संशयानं बघतो.

प्रोसेसर पाठवत नाही. रागावू नकोस, आधी ऐक.

माझ्याकडं रोज लोक येतात. नवा निघाला, बदलून द्या. मी विचारतो, जुन्यानं काय गुन्हा केला? तर म्हणतात, काही नाही, पण नवा निघालाय ना. यार, नवा तर दरवर्षी निघणार. माझं म्हणणं साधं आहे. प्रोसेसर बदलायचा तो काम अडलं की, आणि अडवणारा तोच आहे हे कळलं की. यातलं एक असेल आणि दुसरं नसेल, तर थांबायचं. तुझ्या बोर्डावर अजून एका पिढीचा प्रोसेसर बसतो. त्याच्या पुढचा घ्यायचा म्हटलं तर बोर्ड आणि रॅम दोन्ही काढून टाकावे लागतात. म्हणजे तुझ्याकडं एकच डाव शिल्लक आहे. तो उगाच खेळायचा नाही.

आता ती टकटक. असं समज, प्रोसेसर विहिरीतून पाणी शेंदतो आणि हंड्यात ओततो. हंड्याच्या तळाच्या तोटीतून आवाजाची धार सतत चालू असते. हंडा क्षणभर जरी रिकामा झाला की धार तुटते. ती तुझी टक. या हंड्याला बफर म्हणतात आणि तो लहान-मोठा करता येतो. मोठा केला की धार तुटत नाही, पण पाणी भरून खाली यायला वेळ लागतो. लहान केला की आवाज लगेच येतो, पण शेंदणाऱ्याला दम खायला फुरसत नाही.

तेव्हा पहिलं काम, हंडा मोठा करून बघ. दुसरं, गाणं चालू असताना प्रोसेसरवर भार किती आणि तो तापतो किती, हे बघ. कुठं बघायचं ते वेगळ्या कागदावर चित्र काढून दिलंय. तिसरं, तेव्हा खेळ बंद पाहिजे. सृष्टीला सांग, अब्बूच्या वयाचा चाचा सांगतोय.

शांतम्मांना माझा सलाम. माझ्या लहानपणी त्यांनी मला एकदा कानडीत शिव्या दिल्या होत्या, चिंचा पाडल्या म्हणून. अर्थ अजून कळला नाही, पण चाल लक्षात आहे.

तुझा
शब्बीर


तामलवाडी,
२१ ऑगस्ट २०२४

प्रिय शब्बीर,

तुझा हंडा मोठा करून बघितला. टकटक कमी झाली, पण आमचा संबळवाला धुळाप्पा भांडायला उठला. त्याच्या कानाला हेडफोन लावला होता. त्यानं थाप मारली की त्याचीच थाप त्याला जरा उशिरानं ऐकू यायची. दोन-चार ठोक्यांत तो थांबला. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाला, "माझ्या मागं कोन वाजवतंय? त्याला आधी म्होरं जाऊ दे, मग मी वाजवतो." असं एकमेकाला वाट देत देत आरतीचं भजन इतकं हळू झालं की झांजवाल्याला झोप यायला लागली. म्हणून हंडा पुन्हा लहान केला. टकटक परत आली.

आता भाराचं. हे तू म्हटलं नसतंस तर मी बघितलंच नसतं. गाणं चालू असताना प्रोसेसर निम्माच कामात असतो. पण ताप नव्वदीच्याही वर, शंभराला टेकायला आलेला. आणि मग त्याचा वेग आपोआप खाली येतो, उन्हातान्हातल्या बैलासारखा. थोडं थांबतो, पुन्हा ओढतो, पुन्हा थांबतो. मला त्याची दयाच आली. इतके दिवस मी त्याला म्हातारा म्हणत होतो. बहुतेक तो आजारी आहे.

आणखी एक विचित्र गोष्ट. परवा दुपारी औषध फवारणीचा पंप घ्यायला अवचित घरी आलो. सत्यभामा चुलीपाशी होती. डबा बंद होता, पण वरून हात लावला तर भाकरीसारखा गरम. घरात सृष्टी नाही. तिला फोन केला तर म्हणाली, "बाबा, मी तो खेळ कधीच सोडला." मग मी तो खेळ उघडून बघितला. ट्रकच्या मीटरवर किलोमीटर वाढलेले! कालच्यापेक्षा आज जास्त!

मला असं विचारायचंय, सोलापुरात बसून इंटरनेटवरून इथला ट्रक चालवता येतो का? पोरगी खोटं बोलणारी नाही, पण आजकाल काय काय होतं हे आपल्याला कुठं कळतं?

तुझा
उत्तरेश्वर


तामलवाडी,
२३ ऑगस्ट २०२४

शब्बीरभावजी यांस सत्यभामाचा नमस्कार.

नसीमभाभीजवळ फोनवर बोलले होते. त्या हसत सुटल्या आणि म्हणाल्या, मला ह्यातलं कळत न्हाय, तुमच्या भावजींनाच लिहा. म्हणून लिहिते. हे पत्र आमच्या ह्यांना दाखवू नका.

ट्रक मी चालवते.

आमचे आप्पा, माझे वडील, हैदराबाद रोडला ट्रकवर होते, तुम्ही त्यांना बघितलंय. लहानपणी एकदाच मला केबिनमध्ये बसवून हुमनाबादपर्यंत नेलं होतं. वरून रस्ता कसा दिसतो ते तेव्हा बघितलं. परत येताना मी म्हटलं, आप्पा, मला चालवू द्या. आप्पा हसले. म्हणाले, पोरीनं हॉर्न वाजवावा. मग उमरग्यापर्यंत मी हॉर्न वाजवत आले.

सृष्टीनं मला दिवाळीच्या सुट्टीत सहज शिकवलं. आता दुपारची भांडी झाली की मी तास-दीड तास माल घेऊन निघते. कुठला तरी थंड मुलूख आहे. रस्त्याला एक खड्डा न्हाय, म्हणून चालवल्यासारखं वाटत न्हाय, पण घाट चांगले आहेत. फक्त मोठ्या शहरात शिरलं की गाडी आचके देते. घाटातबी आता द्यायला लागली.

विचारायचं ते एवढंच. माझ्या ह्या नादामुळं आईचं गाणं बिघडलं का? तसं असलं तर आजपासून गाडी बंद. मला खेळ नको, आईचं गाणं पाहिजे. ते मला अर्धंच येतं, भावजी. तिच्या माघारी उरलेलं अर्धं मी कुणाला विचारू?

खरं असेल ते सांगा. ह्यांचं मन भोळं आहे, पण खेळ म्हणजे पोराटकी असं त्यांचं ठाम मत आहे. पन्नाशीला आलेली बाई ट्रक हाकते हे ऐकून ते काय म्हणतील, ते मला आज ऐकायचं न्हाय.

तुमची वहिनी
सत्यभामा


उमरगा,
३० ऑगस्ट २०२४

उत्तऱ्या,

तुझ्या पत्राचं उत्तर देतो. त्यातला पहिला भाग घरात मोठ्यानं वाचून दाखव. तुझ्या घरात भिंतींना सुद्धा कॉम्प्युटरचं ज्ञान व्हायला पाहिजे, असं माझं मत झालंय.

पहिला भाग. दुपारी खेळलेल्या खेळानं संध्याकाळचं गाणं बिघडत नाही. खेळ बंद केला की त्याचा भार संपला. बैलानं दुपारी गाडी ओढली म्हणून रात्री त्याच्या गळ्यातली घंटा बेसूर होत नाही. कुणीही, कुठंही, कसलाही खेळ खेळत असेल, त्यानं बिलकुल चालू ठेवावा. वाचलंस मोठ्यानं? बरं.

दुसरा भाग तुझ्यासाठी. हो, लांबून ट्रक चालवता येतो, पण सृष्टी चालवत नाही. कोण चालवतं ते शोधू नकोस. त्या ट्रकला डिझेल लागत नाही, ड्रायव्हर पगार मागत नाही. तुझं काय जातं?

आता तापाचं. निम्म्या भाराला शंभरीचा ताप, म्हणजे प्रोसेसर निर्दोष आहे. त्याच्या अंगावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा असतो आणि त्यावर पंखा. पट्ट्यांतून वारा गेला की तो थंड होतो. तुझ्या पट्ट्या तुंबल्या असणार. मला वाटतं सोयाबीनच्या मळणीचा भुसा असेल. तुमच्याकडं खळ्याची खोली आणि डब्याची खोली शेजारीशेजारी आहे, मला आठवतंय.

वायर काढ, बाजूचा पत्रा उघड आणि आत बघ. ठोकळा काढावा लागला तर जपून काढ, आणि पुन्हा बसवताना प्रोसेसरवर ताजी पेस्ट लावायला विसरू नकोस. पेस्टची नळी बसने पाठवलीय, तुळजापूर गाडीच्या कंडक्टरकडं. तो विचारेल, खायचं आहे का? नाही म्हण.

तोवर नवीन काही घ्यायचं नाही. मी विकणारा माणूस सांगतोय, ऐक जरा.

तुझा
शब्बीर


तामलवाडी,
११ सप्टेंबर २०२४

प्रिय शब्बीर,

भुसा नव्हता.

तुला आमची रीत ठाऊक आहे. मेळा बसायच्या आधी धुपाटण्यात निखारा घेऊन त्यावर ऊद टाकायचा. आधी देवीला धूप, मग प्रत्येक वाद्याला. संबळाला, तुणतुण्याला, झांजेला. वाद्याला धूप दाखवल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, ही माझ्या वडिलांची शिकवण. डबा घरात आला तेव्हा माझ्या मनात आलं, हाही आता आमच्याबरोबर देवीचं गाणं म्हणतो, म्हणजे हेही वाद्यच. म्हणून पहिल्या दिवसापासून मी त्यालाही धूप दाखवत आलो. समोरच्या जाळीपुढं धुपाटणं धरायचं. आणि शब्बीर, तुला काय सांगू, संबळापुढून धूर नुसता वर निघून जातो, पण हा डबा धूर आत ओढून घ्यायचा! सगळाच्या सगळा! मला दर वेळी भरून यायचं. वाटायचं, एवढ्या वाद्यांत आईचा धूप मनापासून घेणारं हेच एक.

कधी कधी तर, देवी क्षमा करो, मी दोनदा दाखवायचो.

पत्रा उघडला तर आतला ठोकळा तपकिरी झालेला. पट्ट्यापट्ट्यांत उदाचा चिकट थर, त्यावर हळद, त्यावर कुंकू. बोट लावलं तर बोटाला देवळातला वास आला. मी खाली बसलो. वाईट वाटलं खरं, पण नुसतं वाईटच वाटलं असंही नाही. मी हात जोडावेत की ब्रश आणावा, हेच कळेना.

सासूबाई गौरीसाठी आठवडाभर आधीच आल्या होत्या. काठी टेकत आल्या, वाकून आत बघितलं, वास घेतला. मला वाटलं, आता म्हणतील देवीचा कोप. त्या म्हणाल्या, "जावईबापू, संबळाला धूप दाखवता का संबळ फोडून आत कोंबता?"

"दाखवतो."

"मग ह्यानं काय घोडं मारलं होतं?"

एवढं बोलून त्या चहा प्यायला गेल्या. सात वर्षं मी माझ्या भक्तीनं त्या मुक्या जिवाचा श्वास कोंडत होतो आणि वर त्यालाच आळशी म्हणत होतो. माणसांशीही असंच होत असेल का रे? आपण प्रेमानं धूर सोडत राहतो, आणि समोरचा घुसमटतोय हे आपल्याला त्याचा वेग कमी झाल्यावर कळतं.

असो. पुढचं ऐक. ठोकळा मला सुटेना. सत्यभामा आली, पदर खोचला आणि म्हणाली, "सरका. आप्पा रेडिएटर असाच धुवायचे." स्क्रू तिनं समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत काढले, चाकाच्या नटासारखे. पंखा बाजूला ठेवून जुन्या टूथब्रशनं आणि साबणाच्या पाण्यानं पट्ट्या घासल्या, उन्हात खडखडीत वाळवल्या. घासता घासता स्वतःशीच बोलली, "तरीच घाटात गाडी दमती."

मी म्हटलं, "कुठल्या घाटात?"

ती ब्रशकडं बघत राहिली. मी तिच्याकडं. मग मी तुझ्या पेस्टची नळी उघडायच्या कामाला लागलो. मला तुझं वाक्य आठवलं, कोण चालवतं ते शोधू नकोस. तुला आधीपासून माहीत होतं ना, लबाडा?

मी अजून तिला काही विचारलेलं नाही. आता दुपारी घरी यायचं झालं तर फाटकापासूनच मोठ्यानं खोकत येतो. तिला गाडी कडेला घ्यायला वेळ मिळावा म्हणून.

ताप आता साठीच्या आसपास असतो. लहान हंड्यावर सुद्धा मेळ्याचं गाणं एकदाही तुटलं नाही. खरी परीक्षा अजून व्हायची आहे. घट बसायच्या आधीच्या शुक्रवारी शांतम्मा म्हणणार आहेत.

तुझा
उत्तरेश्वर


उमरगा,
१७ सप्टेंबर २०२४

उत्तऱ्या,

तुझं पत्र वाचून भरपूर हसलो, आणि मग हसू थांबलं. मी सुद्धा दर जुम्म्याला दुकानात लोबान फिरवतो. बरकतीसाठी, अब्बांपासून चालत आलंय. सगळ्या मशिनांपुढून फिरवतो. तेव्हा शटर अर्धं ओढलं आणि माझ्याच टेबलाखालची मशीन खोलली.

पुढचं विचारू नकोस. कुणाला सांगूही नकोस. तुझ्या भाभीला कळलंय, तेवढं पुरे आहे. ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "इनका कॉम्प्युटर बडा नमाजी है."

शांतम्मांच्या वेळी धूप तर लागणारच. त्याशिवाय त्या म्हणायच्या नाहीत. म्हणून एक युक्ती सांगतो. डबा समोरून श्वास घेतो आणि पाठीमागून सोडतो. धूप पाठीमागून दाखव. मान तेवढाच राहील आणि धूर आत जाणार नाही.

ट्रकच्या बाबतीत मी मुका आहे. वचन दिलं होतं. तू खोकत येतोस हे मात्र मला फार आवडलं.

शुक्रवारी दुपारी मीही दुआ करीन.

तुझा
शब्बीर


तामलवाडी,
१८ ऑक्टोबर २०२४

प्रिय शब्बीर,

नवरात्र आणि कोजागरीच्या गर्दीत पत्र राहून गेलं. आता सगळं सांगतो.

त्या शुक्रवारी शांतम्मा इरकली नेसून माइकपुढं बसल्या. देवीला धूप दिला, संबळाला दिला. मग त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी धुपाटणं घेऊन डब्याच्या पाठीमागं गेलो. शब्बीर, त्या पंख्यानं सगळा धूर माझ्या तोंडावर परत फेकला. मी खोकतोय, डोळ्यांतून पाणी येतंय, आणि सासूबाई समाधानानं म्हणतात, "आत्ता बरं. लई दिवसाचं परत देतंय."

मग त्या गायल्या. डोळे मिटून. मी पडद्यावरच्या आकड्यांकडं बघत होतो, नंतर तेही बघणं सोडलं. सत्यभामा शेजारी बसून निम्म्या गाण्यापर्यंत ओठ हलवत होती. तिला येत नव्हतं त्या ठिकाणी तिचे ओठ थांबले, आणि आई एकटीच पुढं निघाली. मला वाटलं, एखाद्याला फाट्यापर्यंत सोडायला जावं आणि तिथून त्यानं एकट्यानं चालत राहावं, तसं. पण आता तो पुढचा रस्ता राहणार होता. टकटक आली नाही तर.

गाणं संपलं. लावलं. कुणी हललं नाही. धुळाप्पानं तर श्वास सुद्धा धरून ठेवला असावा, कारण शेवटी तोच सगळ्यांत मोठ्यानं सुस्कारला. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक टक नाही. त्यांच्या बांगडीची किणकिण आहे, मध्येच एकदा बाहेर शेळी ओरडली ती आहे, पण टक नाही.

शांतम्मांनी डब्यावर हात ठेवला. तो गार होता. म्हणाल्या, "गेली बया आत."

सत्यभामा आत जाऊन रडून आली आणि सगळ्यांसाठी शिरा केला.

आता खरं काम. दसऱ्यानंतर एका दुपारी मी घरी आलो. खोकत आलो, नेहमीसारखा. पण आज गाडी कडेला लागली नव्हती. सत्यभामा चालवत होती, शेजारी खुर्चीवर तिची आई बसली होती, काचेतून बाहेर बघावं तशी पडद्याकडं बघत. सत्यभामा मान न वळवता म्हणाली, "या. मागं जागा हाय."

मी मागं खताच्या रिकाम्या पोत्यांवर बसलो. त्या ट्रकला रेडिओ असतो आणि त्यात आपलं गाणं टाकता येतं, हे सृष्टीनं तिला सांगितलेलं. सत्यभामानं आईचंच गाणं टाकलं होतं. बर्फाच्या डोंगरातनं ट्रक चाललाय आणि केबिनमध्ये तुळजापूरच्या आईचं गाणं. शांतम्मा स्वतःचा आवाज ऐकत मान हलवत होत्या. मला त्या खेळात पोराटकी काही दिसेना. मी शोधत होतो.

मग मोठं शहर आलं. गाडी आचके द्यायला लागली, आणि गाण्यात टक झालं. पुन्हा टक. शांतम्मांची मान थांबली.

मी उठून बघितलं, तू शिकवलंस तसं. ताप साठीच्या वर थोडासा. पट्ट्या स्वच्छ. हंडा मोठा. पडद्यावर चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड निम्मं रिकामं बसलेलं. प्रोसेसरची मात्र एक बाजू शेवटपर्यंत भरलेली, श्वास घ्यायला जागा नाही.

काम अडलंय, शब्बीर, आणि अडवणारा तोच आहे. तुझ्या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. पहिल्या पत्रात मी माझ्या गाण्यासाठी प्रोसेसर मागितला होता, तो लागला नाही. आता सत्यभामाच्या गाडीसाठी मागतोय. आमच्या बोर्डाचा तो एक डाव शिल्लक आहे ना? तो खेळायची वेळ झाली.

तुझा
उत्तरेश्वर


उमरगा,
२३ ऑक्टोबर २०२४

उत्तऱ्या,

ह्या वेळी नाही म्हणत नाही.

खरं सांगतो, तो प्रोसेसर मी ऑगस्टमध्येच बाजूला काढून ठेवलाय. एका ड्रायव्हरचं पत्र आलं होतं, त्याच दिवशी. पण घाण साफ झाल्याशिवाय नवा बसवला असता तर त्याचाही जीव गेला असता, आणि शांतम्मांनी मला कानडीतली दुसरी चाल शिकवली असती.

रविवारी मी आणि नसीमबी येतो. बोर्डाला आधी नव्या प्रोसेसरची ओळख करून द्यावी लागते, ते काम मीच करीन. जेवायला आंबाडीची भाजी पाहिजे. वहिनींना सांग, वचन पाळलंय, आता आपलं गुपित रिटायर झालं.

तुझा
शब्बीर


तामलवाडी,
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय शब्बीर,

नवा प्रोसेसर बसवून तुम्ही दोघं गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरात दिवाळीची गडबड होती, म्हणून गाडी आज निघाली. भाऊबीज झाली, सृष्टी अजून घरीच आहे, शांतम्माही आहेत.

सत्यभामा ड्रायव्हर, शेजारी शांतम्मा. मागं पोत्यांवर मी आणि सृष्टी. मला क्लीनरचं काम मिळालंय. दर अमावस्येला पट्ट्या उघडून पुसायच्या, आणि धूप पाठीमागून. निघायच्या आधी आज मी तो दाखवला, पुन्हा तोंडभर धूर खाल्ला, आणि पोरगी इतकी हसली की तिची आजीही हसायला लागली.

घाट चढला. मग ते शहर आलं. दिवे, गाड्या, पूल, माणसं. सत्यभामानं हॉर्न दिला, चांगला लांब, आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी आरपार निघाली. गाणं कुठंच तुटलं नाही. तिला न येणारा भाग आला तेव्हा मी लक्ष देऊन ऐकलं. ती स्टेअरिंगवर बोटानं ठेका धरून आईच्या मागून म्हणत होती. एक ओळ चुकली. शांतम्मांनी समोरच बघत ती दुरुस्त केली.

शहर मागं पडलं, रस्ता मोकळा झाला. शांतम्मा पुढं वाकून काचेतून बघितल्यासारखं बघत राहिल्या आणि म्हणाल्या,

"सत्या, तुळजापूरचा फाटा कवा येतोय गं?"

सत्यभामानं गिअर बदलला. "येतोय की, आई. तू म्हणत राहा."

तुझा
उत्तरेश्वर